शिंप्याचा मुलगा आणि इंग्रजीचा महाकोश



परीक्षा जवळ आल्या की आपल्या घराघरांतून एक देखावा दिसतो. मुलाच्या हातात वही असते. वहीच्या डाव्या बाजूस अवघड इंग्रजी शब्द आणि उजव्या बाजूस त्यांचे अर्थ. मुलगा डोलत डोलत ते पाठ करीत असतो आणि आई-वडील कौतुकाने ऐकत असतात. पुढे हेच शब्द तो निबंधात पेरतो. पेपर तपासून हाती येतो तेव्हा नेमक्या त्याच शब्दांखाली तांबड्या रेघा ओढलेल्या असतात. मुलगा हिरमुसतो. शब्द खरा होता, स्पेलिंग बरोबर होते, अर्थही पाठ होता. मग चुकले कोठे?

या प्रश्नाचे उत्तर हवे असेल तर एका माणसाचे चरित्र तुम्ही वाचले पाहिजे. इंग्रजीतील दुर्मीळ, जुने आणि चमत्कारिक शब्द त्याच्याइतके फारच थोड्यांच्या हाताखालून गेले असतील. ज्या मोठ्या ऑक्सफर्ड शब्दकोशाचे नाव आपण आदराने घेतो, त्याचे हे प्रमुख संपादक सर जेम्स मरे. त्यांच्या नावामागचे 'सर' आणि छायाचित्रातील लांब पांढरी दाढी पाहून ते एखाद्या सरदार घराण्यात जन्मले असतील असे तुम्हाला वाटेल. तसे नव्हते. ते एका खेड्यातील शिंप्याचे चिरंजीव होते, आणि वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांची शाळा सुटली होती.

चौदाव्या वर्षी सुटलेली शाळा

स्कॉटलंडच्या दक्षिण भागात, इंग्लंडच्या सरहद्दीजवळ, हॉइक नावाचे गाव आहे. त्याच्या शेजारच्या डेन्होम या खेड्यात ७ फेब्रुवारी १८३७ रोजी जेम्सचा जन्म झाला. वडील थॉमस मरे कपडे शिवीत. घरात उपासमार नव्हती, पण मुलाला पुढे शिकविण्याइतका पैसाही नव्हता. त्यामुळे चौदा वर्षांचा झाल्यावर शाळेला रामराम ठोकावा लागला. आपल्या वस्तीतही अशा कहाण्या काही कमी नाहीत, म्हणून ही गोष्ट मुद्दाम सांगतो.

शाळा सुटली, पण शिकणे सुटले नाही. हाती येईल ते पुस्तक जेम्स वाची. फ्रेंच, जर्मन, लॅटिन, ग्रीक या भाषा त्याने बव्हंशी स्वतःच्या हिमतीवर आत्मसात केल्या. भोवतालचे शेतकरी आणि मेंढपाळ जी बोली बोलत तिचे शब्दही तो कान देऊन ऐके. दगडगोटे, झाडेझुडपे, जुनी थडगी, जुनी नाणी, सर्वांविषयी त्याला कुतूहल होते. सतराव्या वर्षी हॉइकच्या शाळेत त्याला साहाय्यक शिक्षकाची जागा मिळाली आणि विसाव्या वर्षी तो तेथील एका विद्यालयाचा मुख्याध्यापक झाला. ज्याला स्वतःला पुढे शिकता आले नाही, तो तीन वर्षांत दुसऱ्यांना शिकवू लागला!

१८६२ साली मार्गारेट स्कॉट या तरुणीशी त्यांचा विवाह झाला. पण हे सुख फार दिवस टिकले नाही. त्यांची लहानगी मुलगी दगावली. पत्नीला क्षयाने गाठले. स्कॉटलंडची थंडी तिला सोसणार नाही, असा डॉक्टरांचा सल्ला पडला. तेव्हा मरे यांनी आवडती नोकरी सोडली आणि ते लंडनला गेले. तेथे पोटासाठी एका बँकेत कारकुनी पत्करली. या बँकेचे नाव चार्टर्ड बँक ऑफ इंडिया, ऑस्ट्रेलिया अँड चायना. हिंदुस्थानशी होणाऱ्या व्यापाराच्या खातेवह्या लिहिण्यात त्यांचा दिवस जाई. इतके करूनही १८६५ साली पत्नी गेलीच.

कारकुनीतून सुटका व्हावी म्हणून १८६६ साली त्यांनी ब्रिटिश म्यूझियममध्ये नोकरीसाठी अर्ज केला. आपल्याला कोणत्या भाषा किती येतात याची भली मोठी यादी त्यांनी अर्जात दिली होती. तीत युरोपातील बहुतेक भाषा होत्या. हिब्रू आणि सिरियाक होत्या. अरबीचाही थोडा परिचय असल्याचे नमूद केले होते. एवढे असूनही नोकरी मिळाली नाही. मरे पुन्हा बँकेच्या टेबलाशी जाऊन बसले. अर्ज नाकारला गेला म्हणून अभ्यास सोडावा, असे काही त्यांच्या मनात आले नाही.

१८६७ साली त्यांनी एडा रुथवेन यांच्याशी दुसरा विवाह केला. एडाबाईंचे वडील आपल्याकडच्या जी. आय. पी. रेल्वेच्या सेवेत होते. मुंबई-ठाणे मार्गावर देशातील पहिली प्रवासी आगगाडी चालविणारी हीच ती कंपनी. या लग्नात वराचा पाठराखा होता त्यांचा तरुण स्नेही अलेक्झांडर ग्रॅहम बेल, ज्याने पुढे टेलिफोन शोधून काढला. १८७० साली मरे लंडनजवळच्या मिल हिल येथील शाळेत पुन्हा शिक्षक झाले. मास्तरकी करता करता १८७३ साली त्यांनी लंडन विद्यापीठाची पदवी मिळविली. त्या वेळी त्यांचे वय छत्तीस होते. त्याच वर्षी आपल्या भागातील बोलीवर त्यांनी लिहिलेला ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि भाषापंडितांत त्यांचे नाव झाले.

पोत्यांतले शब्द

इंग्रजीतील प्रत्येक शब्दाचा जन्मापासूनचा इतिहास देणारा कोश करावा, ही कल्पना लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत १८५७ पासून घोळत होती. पहिले संपादक हर्बर्ट कोलरिज १८६१ साली ऐन तारुण्यात वारले. दुसरे संपादक फर्निव्हल मोठे उत्साही गृहस्थ, पण त्यांचे एकाच वेळी दहा उद्योग चाललेले. वीस वर्षे उलटली तरी कोशाचे एक पानही छापले गेले नाही. शेवटी १८७९ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या छापखान्याशी करार झाला आणि संपादक म्हणून मरे यांची नेमणूक झाली. दहा वर्षांत काम पुरे होईल आणि सुमारे सात हजार पाने भरतील, असा अंदाज होता. मरे यांनी शिक्षकाची नोकरी सांभाळूनच हे ओझे डोक्यावर घेतले.

फर्निव्हल यांच्याकडून जमलेली सामग्री आली तेव्हा ती पावणेदोन टन भरली. पोती, टोपल्या आणि गाठोडी भरून चिठ्ठ्या होत्या. एका पोत्यात मेलेला उंदीर निघाला, तर दुसऱ्यात एक उंदरीण पिल्लांसह नांदत होती. काही अक्षरांच्या चिठ्ठ्यांचा पत्ताच नव्हता. 'एच' या अक्षराच्या चिठ्ठ्या थेट इटलीतील फ्लॉरेन्स शहरी सापडल्या. 'पी-ए'ने सुरू होणाऱ्या शब्दांच्या चिठ्ठ्या आयर्लंडमधील एका तबेल्यात मिळाल्या, आणि त्यांतल्या बऱ्याचशा चूल पेटविण्यात खर्ची पडल्या होत्या.

मरे यांनी शाळेच्या आवारात पत्र्याची एक खोली उभी केली. भिंतींना एक हजार एकोणतीस खण पाडले आणि अक्षरवार चिठ्ठ्या लावायला घेतल्या. मग त्यांनी इंग्रजी जाणणाऱ्या सर्व लोकांना एक जाहीर आवाहन छापून पाठविले. तुम्ही पुस्तके वाचा, आणि वाचताना भेटलेले शब्द वाक्यासकट आम्हाला कळवा, असा त्याचा आशय होता. चिठ्ठी कशी लिहावी, हेही त्यात सांगितले होते. अर्ध्या पानाएवढा कागद घ्यावा. डाव्या कोपऱ्यात शब्द लिहावा. त्याखाली पुस्तकाचे साल, लेखक, नाव आणि पृष्ठ टिपावे. मग तो शब्द ज्या वाक्यात आला ते वाक्य जसेच्या तसे उतरून काढावे. पुढच्या काही वर्षांत सुमारे तेराशे वाचकांनी मिळून पस्तीस लाखांच्या आसपास चिठ्ठ्या जमविल्या. यांत पाद्री होते, शिक्षक होते, घरकाम सांभाळणाऱ्या स्त्रिया होत्या. एडिथ टॉम्प्सन आणि त्यांची बहीण या दोघींनीच पंधरा हजार चिठ्ठ्या पाठविल्या.

मरे यांना लागलेली ठेच

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. आवाहनात मरे यांनी वाचकांना असे सुचविले होते की जो शब्द दुर्मीळ, जुनापुराणा, नवा किंवा चमत्कारिक वाटेल, त्याची चिठ्ठी जरूर करावी. नेहमीच्या शब्दांकडेही लक्ष द्या असे सांगितले होते, पण ते कोण ऐकतो? माणसाचा स्वभावच असा की चमकणारी वस्तू तो आधी उचलतो. वाचकांनी अवघड शब्दांचा पाऊस पाडला आणि साधे शब्द वाटेतच सोडून दिले.

याचे एक उदाहरण मरे यांनी पुढे स्वतःच नोंदवून ठेवले. 'अब्यूझन' असा एक जुना, आज मेलेला शब्द आहे. दुरुपयोग, फसवणूक अशा अर्थांनी तो कधी काळी वापरीत. त्याच्या सुमारे पन्नास चिठ्ठ्या आल्या. आणि 'अब्यूझ' या रोजच्या शब्दाच्या? पाचसुद्धा नाहीत! शब्द खुंटीवर टांगलेला राहिला आणि त्याचा वापर दाखविणारी वाक्येच हाती नाहीत. मग साध्या शब्दांची उदाहरणे शोधण्यासाठी मरे आणि त्यांच्या साहाय्यकांना तासन् तास पुस्तके चाळावी लागली. कारण अवघड शब्दाला सहसा एक-दोनच अर्थ असतात. साध्या शब्दाला पन्नास पदर असतात. 'ब्लॅक' हा शब्द तुमच्या धाकट्या भावालाही येतो. तो आणि त्याचा परिवार नीट लावण्यासाठी एका साहाय्यकाचे तब्बल तीन महिने गेले.

विद्यार्थी-मित्रहो, तुमच्या वहीतही असेच होत नाही काय? अवघड शब्दांच्या दोन-दोन पानी याद्या असतात आणि 'गेट', 'टेक', 'पुट' या शब्दांचे नेहमीचे प्रयोग मात्र कोणीच लिहून ठेवलेले नसतात.

मग अवघड शब्द शिकूच नयेत का? जरूर शिकावेत. पण मरे शिकत तसे, म्हणजे वाक्यासकट आणि त्यांच्या गावाच्या पत्त्यासकट. चार उदाहरणे घेऊ. योगायोगाने या चारही शब्दांची मुळे आपल्या पूर्वेकडे, अरबी भाषेत पोचतात.

'मफ्ती' हा शब्द इंग्रजी कादंबरीत भेटला तर तुम्ही गोंधळून जाल. धर्मशास्त्राचा निर्णय देणारा मुफ्ती आपल्याला माहीत. पण इंग्रजीत एखादा फौजदार मफ्तीमध्ये आला असे म्हटले, तर तो गणवेष न घालता साध्या कपड्यांत आला असा अर्थ होतो. नाटकांतील मुफ्तीच्या पात्राचा सैल झगा आणि सपाता पाहून इंग्रज शिपायांनी हा शब्द थट्टेने उचलला असावा, असा तर्क आहे. मात्र ज्याला मुळात गणवेष आहे त्याच्याच बाबतीत हा शब्द चालतो. सदरा-पायजमा घालून दुकानात बसलेल्या व्यापाऱ्याला तो लावला की वाक्य फसले.

'सायफर' म्हणजे आपला सिफर, शून्य. या शब्दाचे इंग्रजीत दोन संसार आहेत. एक म्हणजे सांकेतिक लिपी. दुसरा म्हणजे ज्याच्या मताला काडीचीही किंमत नाही असा माणूस. एखाद्या कमिटीतील सभासदाला सायफर म्हटले तर त्याचा अपमान होतो. पण गणिताच्या गुणपत्रिकेतील शून्यासाठी आज हा शब्द कोणी सहसा वापरीत नाही.

'नेडिअर' हा ज्योतिषशास्त्रातला शब्द. डोक्यावरच्या बिंदूला 'झेनिथ' म्हणतात आणि बरोबर त्याच्यासमोरचा, पायाखालचा बिंदू तो नेडिअर. अरबीत 'नजीर' म्हणजे समोरासमोरचा. माणसाच्या नशिबाची किंवा एखाद्या राज्याच्या वैभवाची सर्वांत खालची पायरी सांगताना तो शोभतो. विहिरीच्या तळाला नेडिअर म्हटले तर हसे होईल.

'सेरेंडिपिटी' हा शब्द १७५४ साली होरेस वॉल्पोल या इंग्रज लेखकाने एका पत्रात घडविला. अरब खलाशी सिंहलद्वीपाला सरंदीब म्हणत. तेथील तीन राजपुत्रांच्या कथेवरून त्याला हा शब्द सुचला. एक वस्तू शोधायला जावे आणि त्या वाटेवर अचानक दुसरीच मौल्यवान वस्तू हाती यावी, त्याचे हे नाव. केवळ लॉटरी लागली म्हणून हा शब्द वापरू नये. शोधणारा डोळा उघडा असला पाहिजे, ही त्यातली अट आहे.

पाहिलेत? प्रत्येक शब्दाची एक अट आहे आणि ती अट अर्थाच्या यादीत लिहिलेली नसते. ती वाक्यात दिसते. म्हणूनच मरे यांच्या कोशात अर्थाखाली वाक्यांची रांग असते, सर्वांत जुने वाक्य आधी आणि नवे नंतर. शब्द कसा जन्मला, कोठे वळला आणि कोठे थकला हे त्या रांगेवरून समजते. १८८४ साली कोशाचा पहिला भाग निघाला. 'ए'पासून 'ए-एन-टी'पर्यंतची ३५२ पाने त्यात होती. अरबी 'अल' घेऊन आलेले कितीतरी शब्द या पहिल्याच भागात आले. 'कुब्बा'पासून आलेला 'अल्कोव्ह' त्यात आहे. 'अमीर'पासून निघून आरमाराचा सेनापती झालेला 'ॲडमिरल' त्यात आहे. आणि नवव्या शतकातील अल्-ख्वारिझ्मीच्या ग्रंथनामातून आलेला 'ॲल्जिब्रा' आहे. मोडलेले हाड सांधणे, असाही या ॲल्जिब्राचा एक अर्थ इंग्रजीत पूर्वी होता!

वर्तमानपत्राचा तंटा

पाच वर्षांत कोश एका अक्षराच्याही शेवटापर्यंत पोचला नव्हता. छापखान्याचे चालक अस्वस्थ झाले. दर वर्षी अधिक पाने हवीत, असा तगादा सुरू झाला. साहाय्यकांचे पगार मरे यांनाच ठरलेल्या रकमेतून भागवावे लागत. त्यामुळे त्यांचे स्वतःचे घर कर्जात गेले. त्यातच विद्यापीठाचे कुलगुरू बेंजामिन जॉवेट यांनी कोशात हात घालायला सुरुवात केली. उदाहरणे नामवंत ग्रंथकारांचीच असावीत, वर्तमानपत्रांतली नकोत, असा विद्यापीठाकडील मंडळींचा आग्रह होता. मरे यांनी लिहिलेली प्रस्तावनाही जॉवेट यांनी बदलून टाकली.

तुम्हीच विचार करा. समोर एवढे मोठे विद्यापीठ, डोक्यावर कर्ज, घरात वाढते कुटुंब. दुसरा कोणी मान तुकवून मोकळा झाला असता. मरे यांनी राजीनाम्याची तयारी केली. भाषा ही तिला बोलणाऱ्या-लिहिणाऱ्या सर्वांची असते, आणि आजचा शब्द आजच्या वर्तमानपत्रातच सापडणार, हा त्यांचा मुद्दा होता. आपल्या खेड्यातील मेंढपाळाची बोली कान देऊन ऐकणारा मुलगाच येथे बोलत होता. मित्रांनी मध्यस्थी केली, विद्यापीठाने समजुतीने घेतले आणि वर्तमानपत्रे कोशात राहिली. पुढे सरकारकडून मरे यांना वार्षिक २५० पौंडांची वृत्तीही मिळाली. जॉवेट यांच्याशी तर त्यांची इतकी मैत्री जमली की १८८६ साली जन्मलेल्या मुलाच्या नावात त्यांनी जॉवेट हे नाव गुंफले. वाद तत्त्वासाठी करावा आणि तो संपला की मनात ठेवू नये, हे यावरून शिकण्यासारखे आहे.

अवघे घर कामाला

१८८५ साली मरे नोकरी सोडून ऑक्सफर्डला राहावयास गेले. घराच्या बागेत पुन्हा पत्र्याची खोली उभारली. शेजाऱ्याने दृष्टीआड येते म्हणून तक्रार केली, तेव्हा ती जमीन खणून तीन फूट खाली बसवावी लागली. हिवाळ्यात तेथे इतका गारठा असे की मरे पाय एका खोक्यात घालून बसत. टपाल एवढे येई की घरासमोर टपालखात्याने स्वतंत्र पेटी बसविली.

त्यांना अकरा मुले होती. चिठ्ठ्या अक्षरवार लावण्याचे काम ही मुले करीत आणि त्याबद्दल त्यांना खाऊला पैसे मिळत. खेळता खेळता त्यांचे शब्दज्ञान अफाट वाढले. एल्सी आणि रॉस्फ्रिथ या दोन मुलींनी पुढे कोशाच्या कचेरीतच काम केले. थोरला मुलगा हॅरल्ड शाळा-तपासनीस झाला. बुद्धिबळाचा इतिहास लिहायचा तर मूळ हस्तलिखिते वाचली पाहिजेत, म्हणून तो नोकरी सांभाळून अरबी शिकला आणि १९१३ साली त्याचा प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध झाला. 'चेकमेट' या शब्दात आपला 'शाह मात' दडला आहे, हे त्या घरात कोणाला सांगावे लागत नसेल! एडाबाई तर संसारही पाहत आणि पत्रव्यवहारातही हात देत. मुलांना शिकवणीला पाठवून आपण मोकळे होतो, तेव्हा या घराची आठवण ठेवावी.

मदतनीसही एकेक विलक्षण होते. फिट्झेडवर्ड हॉल हे अमेरिकन पंडित पूर्वी काशीच्या सरकारी कॉलेजात संस्कृत आणि इंग्रजी शिकवीत. इंग्लंडात विद्वानांशी त्यांचे बिनसले आणि ते एका खेड्यात एकाकी राहू लागले. तेथून सुमारे वीस वर्षे, १९०१ साली मृत्यू येईपर्यंत, ते रोज काही तास कोशाची मुद्रिते तपासून देत. डॉ. मायनर हे अमेरिकन लष्करातील सर्जन. भ्रमिष्टपणाच्या भरात १८७२ साली त्यांच्या हातून लंडनमध्ये एका निरपराध माणसाचा खून झाला आणि त्यांना वेड्या गुन्हेगारांच्या इस्पितळात ठेवण्यात आले. तेथील कोठडीतून ते वर्षानुवर्षे मरे यांना वाक्ये पाठवीत राहिले.

चुकाही घडल्या, आणि मरे यांनी त्या लपविल्या नाहीत. 'बाँडमेड', म्हणजे दासी, या शब्दाच्या चिठ्ठ्या कोठेतरी हरवल्या आणि 'बी'चा भाग छापून गेल्यावर सापडल्या. तो शब्द पुढे १९३३ च्या पुरवणीत आला. 'अपेंडिसायटिस' हा तेव्हा नवा शब्द. तज्ज्ञांच्या सल्ल्यावरून तो गाळला गेला. मग १९०२ साली सातव्या एडवर्ड बादशहाला नेमका तोच विकार झाला, राज्याभिषेक पुढे ढकलावा लागला, तो शब्द जगभर ज्याच्या त्याच्या तोंडी झाला आणि कोशात मात्र तो नव्हता!

१९०८ साली मरे यांना 'सर' ही पदवी मिळाली. ज्या ऑक्सफर्डसाठी त्यांनी आयुष्य वेचले, त्या विद्यापीठाने मात्र सन्मानाची डॉक्टरेट देण्यास १९१४ साल उजाडू दिले. वयाच्या ऐंशीव्या वाढदिवसापर्यंत कोश पुरा व्हावा, ही त्यांची इच्छा होती. ती पुरी झाली नाही. 'टी' अक्षराचे काम चालू असतानाच २६ जुलै १९१५ रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ते वारले. हेन्री ब्रॅडली, विल्यम क्रेगी आणि चार्ल्स अनियन्स या सहसंपादकांनी काम पुढे नेले आणि १९२८ साली कोश पूर्ण झाला. दहा वर्षांच्या अंदाजाची एकोणपन्नास वर्षे झाली होती. पाने १५ हजारांवर, शब्द चार लाखांवर आणि वाक्ये १८ लाखांवर गेली. त्यांपैकी जवळजवळ निम्मी पाने एकट्या मरे यांच्या हातची आहेत.

आता तुमची चिठ्ठी

विद्यार्थी-मित्रहो, हे चरित्र वाचून नुसती मान डोलावू नका. आजच एक काम सुरू करा. कोऱ्या कागदाचे पत्त्याएवढे तुकडे कापा आणि एका रिकाम्या खोक्यात ठेवा. वाचताना नवा शब्द भेटला की एका तुकड्यावर तो लिहा. कोठे भेटला ते लिहा. ज्या वाक्यात भेटला ते वाक्य पुरे उतरून घ्या. मागच्या बाजूला स्वतःच्या आयुष्यातले एक वाक्य त्या शब्दाने करा आणि शिक्षकांना दाखवा. तोच शब्द पुन्हा दुसरीकडे भेटला तर दुसरे वाक्य जोडा. तीन वेगवेगळ्या ठिकाणी भेटेपर्यंत त्याला निबंधात घालू नका. आणि दर अवघड शब्दामागे एका साध्या शब्दाची चिठ्ठी केलीच पाहिजे, असा नियम स्वतःला घालून घ्या. दिवसाला दोन चिठ्ठ्या म्हणजे वर्षाला सातशेच्या वर होतात. याला शिकवणीची फी लागत नाही, गाईड लागत नाही. जुने इंग्रजी वर्तमानपत्र आणि शाळेचे वाचनालय एवढे पुरे.

पालकहो, तुम्हाला इंग्रजी येत नसेल तरी संकोच करू नका. डेन्होमच्या शिंप्यालाही आपल्या मुलाच्या भाषा येत नव्हत्या. तुम्ही रात्री अर्धा तास मुलाजवळ बसा आणि आज कोणता शब्द भेटला, कोठे भेटला, एवढेच विचारा. तो तुम्हाला मराठीत किंवा उर्दूत समजावून सांगेल. समजावता आले तर शब्द त्याचा झाला आणि अडला तर तो पुन्हा पुस्तक उघडील. मुलींच्या हातीही असेच खोके द्या. त्या टॉम्प्सन भगिनींनी घरी बसून पंधरा हजार वाक्ये जमविली होती.

आणि ज्या घरी परिस्थितीमुळे मुलाची शाळा सुटली असेल, त्या घरी ही स्मरणिका आवर्जून पोचवा. शाळा चौदाव्या वर्षी सुटली, पदवी छत्तिसाव्या वर्षी मिळाली आणि ऑक्सफर्डचा सन्मान सत्त्याहत्तराव्या वर्षी आला. मधल्या वर्षांत तो माणूस रोज कागदाच्या चिटोऱ्यावर एकेक शब्द नीट लिहीत होता. पुढच्या वर्षी स्नेहसंमेलनात तुमची चिठ्ठ्यांची खोकी पाहावयास मिळोत, हीच सदिच्छा.